शिशाला गिऱ्हाईक, लिथियमला नाही

खान्देशात कपाशीवाल्या कुठल्याही घरी जा. गोठ्याच्या भिंतीला फवारणीचा एक चार्जिंगचा पंप टांगलेला असतो आणि त्याच्याच खाली कोपऱ्यात आधीचा मेलेला पंप पडलेला असतो. टांगलेल्याची चौकशी सगळे करतात, पडलेल्याकडे कोणी बघत नाही. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या घरी असे दोन पंप होते. शिवाय लिंबाच्या बागेसाठी घेतलेली बॅटरीवरची छाटणीची कात्री आणि परसबागेतलं गवत कापायला ऑनलाइन मागवलेलं ग्रास कटर. चारही वस्तू बंद.

त्या अजून काही वर्षं तशाच पडून राहिल्या असत्या. पण ग्रास कटरची बॅटरी एका संध्याकाळी चार्जिंगला लावली आणि थोड्या वेळाने खोलीत गोडसर वास यायला लागला, नेलपॉलिशची बाटली उघडी राहिल्यासारखा. चार्जर काढला, बॅटरीला हात लावला तर चटका बसला. खालच्या बाजूचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात मऊ होऊन आत बसलं होतं. ही होळीच्या आसपासची गोष्ट. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि ज्या खोलीवर पत्रे आहेत तिथे काय होतं ते सांगायला नको. त्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. भाव वाढेल म्हणून थांबलो होतो. आमच्याकडे अर्धं गाव असंच थांबलेलं असतं. कापसाशेजारी तापणारी बॅटरी ठेवून झोप लागणं शक्य नव्हतं. बॅटरी त्याच रात्री अंगणात, भिंतीपासून लांब, फरशीच्या तुकड्यावर नेऊन ठेवली आणि सकाळी ठरवलं की आता हा सगळाच पसारा निस्तरायचा.

आबांना हे पटलं नाही. "हाई काय करी ऱ्हायना तू? इकी टाक ना भंगारमा!" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, गावात सगळे तेच करतात. फक्त भंगारात गेलेली वस्तू पुढे कुठे जाते, हे मला आधी बघायचं होतं.

सुरुवात दुरुस्तीपासून केली. टाकून द्यायच्या आधी ती वस्तू खरंच मेली आहे का हे बघावं, एवढी साधी गोष्ट. तालुक्याला कृषी केंद्रांच्या ओळीत पंप दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानदाराने पहिल्या पंपाची टाकी उलटी केली, खालचं झाकण चार स्क्रू काढून उघडलं आणि मल्टिमीटर लावला. काट्याने बारा व्होल्टच्या वर दाखवलं. मला वाटलं बॅटरी चांगली आहे. त्याने हसून पंपाचं बटण दाबलं. मोटर एकदा गुरगुरली आणि आकडा सरळ आठावर आला. "बघा भाऊ, नुसता व्होल्ट बघून काही कळत नाही. लोड दिला की खरं कळतं."

पाठीवरच्या पंपात बहुतेक वेळा बारा व्होल्ट, आठ किंवा बारा अँपिअर-अवरची शिशाची सीलबंद बॅटरी असते. आत दोन-दोन व्होल्टची सहा घरं, शिशाच्या प्लेटा आणि काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेलं गंधकाम्ल. कपाशीचा हंगाम संपला की आपण पंप धुतो, किंवा नाही धुत, आणि बॅटरी अर्धी उतरलेली असताना टांगून ठेवतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती तशीच. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती भार उचलत नाही. म्हणजे बॅटरी वापरून मरत नाही, न वापरता मरते. दर महिना-दीड महिन्याने एकदा पूर्ण चार्ज केली तर बराच काळ टिकते, हे दुकानदाराने सांगितलं. ते विकतानाच सांगायला काय हरकत होती, असं मनात आलं, पण बोललो नाही.

पहिल्या पंपाची मोटर, टाकी, ट्रिगर सगळं धड होतं. नवीन बॅटरी बसवली आणि तो पंप चालू झाला. निकाली काढायच्या वस्तूंतली एक तिथेच कमी झाली. दुसऱ्या पंपाची टाकी पट्ट्याजवळ तडकली होती, मोटर जाम होती. त्यातून मी लान्स म्हणजे फवारायची दांडी, पितळी नोझल, पट्टे आणि ट्रिगर काढून घेतले. हे सुटे भाग ऐन फवारणीच्या दिवसांत मिळत नाहीत.

आता हातात दोन जुन्या शिशाच्या बॅटऱ्या होत्या. प्रत्येकी दोन-अडीच किलोच्या. यांना भाव असतो, त्यामुळे घेणारे पुष्कळ. गावात टेम्पो घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याने हातात घेऊन अंदाजानेच वजन सांगितलं आणि लगेच पैसे पुढे केले. मी विचारलं, पुढे कुठे देतो? म्हणाला, मोठ्या गोडाऊनला. आणि गोडाऊनवाला? ते त्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

माझ्या डोक्यात वेगळीच गोष्ट होती. तापीकाठच्या एका गावात मी लहानपणी बघितलं होतं, जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या फोडून, शिसं कढईत वितळवून मासेमारीच्या जाळ्याचे मणी ओतायचे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या चुलीची आगसुद्धा पुरते. म्हणूनच हा धंदा कोणालाही परसात करता येतो, आणि म्हणूनच तो वाईट. ॲसिड जमिनीत ओतून दिलं जातं, धूर आणि राख अंगणात बसते आणि त्याच अंगणात पोरं खेळतात. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो. रक्तात ते फार थोडं असलं तरी नुकसान करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. मण्यांचा हा धंदा आता तिथे चालतो का, मला कल्पना नाही. पण बॅटरी कोणाच्या हाती देतो त्यावर हे सगळं अवलंबून असतं एवढं खरं.

शिसं हे खरं तर पुन्हा वापरायला फार सोपं. बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून बराच जास्त भाग शिशाचा असतो आणि योग्य भट्टीत, धूर गाळायची व्यवस्था असलेल्या कारखान्यात गेलं तर त्याच शिशाची पुन्हा बॅटरी होते. प्रश्न फक्त कोणत्या वाटेने जातं याचा. म्हणून मी भंगारवाल्याला नाही म्हटलं आणि बॅटऱ्या गाडी-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या विकणाऱ्या डीलरकडे नेल्या. तिथे जुनी दिली की नवीच्या किमतीतून रक्कम कमी होते, आणि जुन्या बॅटऱ्या कंपनीच्या गाडीतून परत जातात. मला नवी गाडीची बॅटरी नको होती, त्यामुळे डीलर आधी कां-कूं करत होता. भंगाराच्या भावापेक्षा कमी दिले तरी चालेल, पण पावती द्या, असं म्हटल्यावर घेतल्या. भंगारवाल्याच्या आणि त्याच्या भावात फरक होता. पण घरच्या पोरांसाठी आपण त्यापेक्षा जास्त रकमेचं चॉकलेट आणतो.

या बॅटऱ्यांवर एक खूण असते, बघितली नसेल तर बघा. चाकं असलेली कचरापेटी आणि तिच्यावर फुली. खाली रोमन लिपीत 'पीबी', म्हणजे शिसं. अर्थ सरळ आहे, ही कचऱ्यात टाकू नका. केंद्र सरकारने २२ ऑगस्ट २०२२ रोजी बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम काढले. त्याआधीचे २००१ चे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्या नियमांत सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या. पाच किलोपेक्षा कमी वजनाची, सीलबंद आणि वाहनात किंवा कारखान्यात न वापरली जाणारी बॅटरी 'पोर्टेबल' गटात मोडते, म्हणजे आपल्या पाठीवरच्या पंपाची आणि छाटणीच्या कात्रीचीही. बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या किंवा आपल्या नावाने विकणाऱ्या कंपनीवर ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी आहे. वापरणाऱ्यावरही आहे. ती इतर कचऱ्यात मिसळायची नाही, गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायची. जमिनीत पुरणं आणि जाळणं दोन्ही बंद. हा नियम गावात कोणाला माहीत आहे? दुकानदारांनाही नाही. पण कंपनीशी बोलताना तारखेसकट सांगितला की समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

आणि खरी गंमत पुढे आहे. शिशाला सगळे हात पुढे करतात, लिथियमकडे कोणी बघत नाही.

भंगारवाल्याला लिथियमच्या बॅटरीचं ग्रास कटर दाखवलं. त्याने मोटर बघितली, आत तांबं आहे म्हणून खूश झाला, लोखंडी दांडा वेगळा केला आणि बॅटरी दोन बोटांत धरून माझ्याकडे परत दिली. "भाऊ, हाई नही चालत. मांगे एकदाव मन्हा गोडाऊनमा आग लागेल व्हती." भंगारवाल्याने एखादी वस्तू फुकटसुद्धा नको म्हणणं हे मी पहिल्यांदाच बघितलं. त्याला मी मनोमन सलाम केला, कारण तो जे करत होता ते बरोबर होतं.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगा ती घ्यायला तयार होता. आतले गोल सेल काढून, चांगले निवडून, टॉर्चला आणि पॉवर बँकला बसवतो म्हणाला. या पॅकमध्ये पाच-पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, पाच मिळून २१. म्हणूनच लेबलवर '२१ व्होल्ट' लिहिलेलं असतं, खरं तर सरासरी १८ च असतात. माझ्या कटरच्या खोक्यावर तर '४८ व्हीएफ' छापलेलं होतं. हे व्हीएफ म्हणजे काय ते छापणाऱ्यालाच ठाऊक, व्होल्ट मात्र नाहीत. असो. तापलेल्या पॅकमधला कुठला सेल खराब आणि कुठला चांगला हे बाहेरून कळत नाही. अर्धे दमलेले आणि अर्धे ताजे सेल एकत्र बांधून कोणाच्या खिशात पॉवर बँक म्हणून देणं मला मान्य नव्हतं. नाही म्हटलं. त्याने जाताजाता सल्ला दिला, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, उतरून जाईल. हा सल्ला इंटरनेटवरही फिरतो. पण मिठाच्या पाण्याने आधी टोकं गंजतात, मग उतरायचं थांबतं आणि आत वीज शिल्लक राहते. वर ते पाणी कुठे ओतणार? बोरी नदीत?

फुगण्याबद्दलही एक सांगायला हवं. मोबाईलची चपटी बॅटरी खराब झाली की फुगते, ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. हत्यारांच्या बॅटरीत बहुतेक वेळा पत्र्याच्या नळीतले गोल सेल असतात, ते असे फुगत नाहीत. ते तापतात, वास येतो, प्लॅस्टिक वितळतं, आणि कधी काहीच दिसत नाही. फुगली नाही म्हणजे ठीक आहे, असं धरून चालू नका.

अमळनेरच्या नगरपरिषदेच्या घंटागाडीचा विचार करून बघितला. गाडीवाल्याने "सुक्यात टाका" म्हणून सांगितलं. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये वापरलेल्या बॅटऱ्या आणि कीटकनाशकांचे डबे यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, तो वेगळा द्यायचा असतो. पण वेगळं ठेवायला गाडीत खण तर हवा. सुक्या कचऱ्यात लिथियमची बॅटरी गेली आणि गाडीत दाबली गेली, तर कागद-प्लॅस्टिकच्या ढिगाला आतून आग लागते. गाडीवर उभा असलेला माणूस आमच्या ओळखीचा आहे. नाही टाकली.

आता राहिल्या कंपन्या. कात्री एका नावाजलेल्या कंपनीची होती. त्यांच्या संकेतस्थळावर तळाशी, बारीक अक्षरात, ई-कचऱ्याचं पान सापडलं. तिथल्या नंबरवर फोन लावला. आधी हिंदी, मग इंग्रजी, मग गाणं. शेवटी माणूस बोलला तेव्हा त्याने जुनी देऊन नवी घेण्याची योजना समजावून सांगायला सुरुवात केली. मला नवी नको होती. मग मी २०२२ च्या नियमांचं नाव घेतलं. त्याने थांबा म्हटलं, मॉडेल आणि सिरियल नंबर विचारला आणि जळगावच्या सर्व्हिस सेंटरला बॅटरी व कात्री दोन्ही जमा करता येतील असं सांगितलं. कुरिअर करू का विचारलं तर नको म्हणाला, आणि ते योग्यच. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानातून पाठवायला मनाई आहे, आणि कुरिअरचं पाकीट कुठल्या वाटेने जाईल हे आपल्या हातात नसतं.

ग्रास कटरच्या विक्रेत्याचा मात्र मागमूस नव्हता. ज्या नावाने विकलं ते नाव आता ॲपवर दिसतच नाही. खोक्यावर पत्ता नाही, भारतातल्या आयात करणाऱ्याचं नाव नाही. नियमात जबाबदारी कंपनीची, पण कंपनीच सापडली नाही तर? मग नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याला शोधावं लागतं. केंद्रीय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळांवर अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांच्या याद्या आहेत. त्यातून जळगावच्या एकाचा नंबर मिळाला. फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला तो मला आवडला: "बॅटरी गरम आहे का आत्ता?"

गरम नव्हती. मग त्याने कशी आणायची ते सांगितलं. टोकांना चिकटपट्टी लावा, दोन्ही टोकांना वेगवेगळी. उघडू नका, टोचू नका, दाबू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वाफ अडकली तर डबाच फुटेल. आणि उन्हाच्या आधी या.

तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घरात होताच. वाळू मात्र सालदाराने आणली ती ओलसर निघाली. ती पत्र्यावर पसरून दिवसभर उन्हात वाळवली, हाताने चोळली तर बोटांना चिकटत नाही एवढी. डब्यात खाली चार बोटं वाळू घातली. बॅटरीच्या खाचेत तीन पितळी पट्ट्या दिसत होत्या, त्यांच्यावर काळी इन्सुलेशन टेप एकेक करून बसवली. मधल्या पट्टीवर टेप चिकटत नव्हती कारण तिथे गवताचा रस वाळून चिवट थर झाला होता, तो आगपेटीच्या काडीने, लाकडाच्या बाजूने, अलगद खरवडला. धातूचं काही वापरायचं नव्हतं. मग ती वाळूत ठेवली, कात्रीची बॅटरी दुसऱ्या डब्यात, आणि दोन्हींवर वाळू लोटली. आबा खाटेवर बसून हे सगळं बघत होते. "त्याना काय लाड करस?" एवढं म्हणून त्यांनी तंबाखू काढली.

एसटीने नेणं योग्य नव्हतं. बसमध्ये चाळीस माणसांच्या पायाशी हा डबा कशाला ठेवायचा? मित्राच्या गाडीने निघालो, दिवस उजाडायच्या आत. डबे मागच्या डिकीत, गोणपाटाच्या आधाराने उभे, खिडक्या उघड्या. धरणगाव, पाळधी, बांभोरीजवळ गिरणेचा पूल. गिरणेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती आणि आम्ही डिकीत वाळूच घेऊन चाललो होतो, म्हणून मित्र म्हणाला, कोणी अडवलं तर काय सांगायचं? वाळूचोरी! त्यावर जळगाव येईपर्यंत हसत होतो.

सर्व्हिस सेंटरचं काम लवकर झालं. काउंटरवरच्या मुलाला काही माहीत नव्हतं, तो म्हणे आम्ही विकतो आणि दुरुस्त करतो, जमा करत नाही. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक दाखवला, त्याने वर फोन केला, मग कात्री घेतली आणि संगणकातून पावती काढून दिली.

ई-कचरावाल्याचं गोडाऊन शहराबाहेर. आत शिरताना वाटलं होतं भंगाराचंच दुकान असेल, पण इथे मांडणी होती. टीव्हीचे पडदे एकीकडे, संगणक एकीकडे, तारांचे भारे वेगळे. बॅटऱ्या सावलीत, भिंतीपासून लांब, खालून विटा लावलेल्या लोखंडी पिंपांत, आणि प्रत्येक पिंपावर रंगाने प्रकार लिहिलेला. आमचा डबा त्याने तिथेच उघडला, तापमान बघायचं पिस्तुलासारखं यंत्र वरून धरलं, मान डोलावली आणि चिमट्याने बॅटरी काढून वाळू भरलेल्या वेगळ्या पिंपात ठेवली. खराब झालेल्या वेगळ्या, नुसत्या जुन्या वेगळ्या.

पुढे काय होतं ते मी विचारलं आणि तो मोकळेपणाने बोलला. इथे फोडत नाहीत, साठवून मोठ्या कारखान्यात पाठवतात. तिथे आधी पूर्ण उतरवतात, मग बंद यंत्रात चुरा करतात. त्यातून तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक वेगळं होतं आणि काळी भुकटी उरते. त्या भुकटीत लिथियम, आणि सेलच्या जातीप्रमाणे कोबाल्ट, निकेल. कोबाल्ट-निकेल असलेल्या मालाला कारखान्याकडून भाव मिळतो. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत ते दोन्ही नसतात, त्यामुळे ती सुरक्षित असली तरी तिला विचारणारं कमी. तुमच्यासारखी एक-एक बॅटरी आली तर मला उलट खर्चच येतो, असंही तो म्हणाला. नियमांमध्ये पोर्टेबल बॅटरीतल्या मालापैकी किती टक्के परत मिळवायचं याचं प्रमाण २०२६-२७ पासून ९० टक्क्यांवर नेलेलं आहे. कारखान्यात ते जमतही असेल, पण अमळनेरच्या गोठ्यातून बॅटरी त्या कारखान्यापर्यंत आणायची कोणी हा प्रश्न त्याआधीचा आहे.

कटरची मोटर, चार्जर आणि दुसऱ्या पंपाची जाम मोटर त्याने वजनावर घेतली. हेही ई-कचऱ्यातच येतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत फवारणीची आणि गवत कापायची, बागकामाची विजेवरची अवजारं स्पष्ट लिहिलेली आहेत. लोकांना वाटतं ई-कचरा म्हणजे मोबाईल आणि संगणक. मोटरचे पैसे मिळाले तेवढ्यात आमचा दोघांचा शेवभाजीचा नाश्ता झाला. बॅटरीचे शून्य.

पंपाची तडकलेली टाकी मी जळगावला नेलीच नव्हती. तिची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. कपाशीच्या पंपाच्या टाकीत वर्षानुवर्षं काय काय पडलेलं असतं! प्लॅस्टिक आतून पिवळं-तपकिरी होतं आणि धुतलं तरी वास जात नाही. गावात अशी टाकी वरून कापून गुरांच्या पाण्याला ठेवलेली मी पाहिली आहे. भंगारात गेली तर वितळून दाणा होतो आणि त्या दाण्याची पुढे बादली होईल की चटई, कोणी सांगावं. हातमोजे घालून, थोडं थोडं पाणी घालून ती तीनदा विसळली आणि प्रत्येक वेळचं पाणी विहिरीपासून लांब कपाशीच्याच पऱ्हाट्या उभ्या असलेल्या वावरात फवारलं. मग तळाला आणि बाजूंना सुताराच्या गिरमिटाने भोकं पाडली, म्हणजे पुन्हा त्यात कोणी पाणी भरणार नाही. ती घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्यायची, तर घेणारं कोणी नाही. सध्या ती गोणीत बांधून शेडच्या आढ्याला आहे. कृषी केंद्रवाला म्हणतो, औषधांच्या कंपनीचा माणूस रिकामे डबे न्यायला आला तर विचारून बघतो.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "कितला पैसा भेटनात?" मी सांगितलं. त्यांनी पेट्रोलचा हिशेब केला आणि काही न बोलता पेपर उघडला.

ई-कचरावाल्याने निघताना एक गोष्ट सांगितली होती. एकेक बॅटरीसाठी तो येऊ शकत नाही, पण गावात किंवा तालुक्याला एका ठिकाणी माल जमला तर गाडी पाठवेल. म्हणून मी आमच्या ओळखीच्या कृषी केंद्रवाल्या जिभाऊंना विचारलं. नवीन पंप तिथूनच विकले जातात, जुनेही तिथेच जमा व्हावेत. शिशाच्या बॅटऱ्यांना ते लगेच तयार झाले, दुकानामागच्या पडवीत ठेवू म्हणाले. लिथियमच्या बॅटऱ्यांचं ऐकून मात्र त्यांनी मान हलवली. दुकानात खत आहे, औषधं आहेत, वर घर आहे. विमेवाल्याला काय सांगू? त्यांचं बरोबर होतं. आता ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे, वस्तीपासून लांब, सावलीत, एक लोखंडी पिंप आणि वाळू एवढीच मागणी आहे. सरपंच म्हणाले पुढच्या ग्रामसभेत घेऊ. दरम्यान गल्लीतल्या दोघांनी त्यांच्या कटरच्या बॅटऱ्या आणून माझ्या ओट्यावर ठेवल्या आहेत. एकीची टोकं उघडी होती, तिला टेप लावली.